रिकाम्या जागेची हजेरी

सांगली,
१२ ऑगस्ट १९७८

सौ. राहीवहिनींना याकूबचा सलाम.

तुमचं पत्र पोचलं. नानासोकाका लेकासाठी वडूजच्या वकिलाकडे जाऊन आले हे कळलं. माणूस सात वर्षं बेपत्ता राहिला की कायदा त्याला मेलेला धरतो, हे वकिलाचं म्हणणं खरं आहे. पण कायद्यानं धरलं म्हणून घरानंही लगेच तसं धरावं असं नाही, एवढंच मी म्हणेन. जोतीराम आणि मी एकाच सिग्नल कंपनीतले. एकाहत्तरच्या लढाईत, त्या डिसेंबरात तो टेलिफोनची तार टाकत पुढे गेला, तेव्हा मी कावीळ होऊन जालंधरच्या इस्पितळात पडलो होतो. नंतर त्यानं टाकलेली तार सगळी सापडली, शेवटच्या टोकापर्यंत. तो सापडला नाही. तुम्हाला हे पाठ आहे, मी पुन्हा कशाला उगाळू.

तुम्ही विचारलंत, "भावजी, तुमी त्या मशिनीत दिवसभर करताय तरी काय?" तर आज त्याचीच एक गंमत सांगतो, तेवढंच तुमचं मन दुसरीकडे जाईल.

हा कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढा हिशेबनीस. ज्या सहकारी संघानं तो घेतलाय, त्यांनी तो एका जुन्या हळदीच्या गोदामात ठेवलाय. भिंतींना चुना मारला, पण आतला पिवळेपणा जात नाही आणि वासही जात नाही. कपाटाच्या आत पाट्या असतात, पुस्तकं उभी लावावीत तशा ओळीनं. प्रत्येक पाटीत तिची विद्या कंपनीतूनच घडवून आलेली असते. एकीला बेरीज येते, एकीला छपाई. वीज गेली तरी ती विसरत नाही. साहेबलोक ह्या विद्येला फर्मवेअर म्हणतात. कंपनी त्यात सुधारणा करते, तसा तिला नवा नंबर पडतो. व्हर्जन एक, व्हर्जन दोन, असा. जुनी-नवी सरमिसळ झाली की मशीन ऐन हंगामात अडून बसतं, म्हणून पुण्याहून हुकूम आलाय की तुमच्या मशिनात कुठली व्हर्जन आहेत ते तपासून कळवा.

तपासायची रीत सोपी. मशिनाला जोडलेल्या टाइपरायटरवर एकेका जागेचा आकडा टाइप करायचा. ती पाटी आपलं व्हर्जन सांगते आणि कागदावर ओळ आपोआप उमटते. पलटणीतली हजेरीच म्हणा ना.

काल मी हजेरी घेतली. एकपासून सातपर्यंत सगळ्यांनी उत्तर दिलं, व्हर्जन चार. जागा एकूण आठ आहेत, पण आठवी मोकळी आहे, तिथे पाटीच नाही. मी सहज म्हणून आठचा आकडा टाइप केला. बाकीच्यांनी विचारल्या विचारल्या उत्तर दिलं होतं. इथे मशीन जरा थांबलं, लांबून कुणी चालत यावं तसं. आणि ओळ उमटली. आठ, व्हर्जन दोन.

रिकाम्या जागेनं हजेरी दिली! आहे की नाही गंमत?

रशीदा तुम्हाला आठवण सांगते. तानुकाकींना आणि नानासोकाकांना सलाम.

तुमचा,
याकूब शिकलगार


औंध,
२१ ऑगस्ट १९७८

याकूबभावजींना राहीचा नमस्कार.

पत्र मिळालं. गंमत म्हनून लिवलंत, पर मला हसू आलं न्हाई. चुलीवर दूध व्हतं ते उतू गेलं तरी मी पत्र धरून तशीच उबी.

हितली खबर अशी हाय. सयाजीभावजींचं लगीन कराडला जमतंय. पोरगी बरी हाय. पर तिकडची मानसं बघायला आली तवा त्यांच्यातल्या एका म्हातारीनं माझ्या कपाळाकडं बघून आत्याबाईंना इचारलं, "ह्या थोरल्या सूनबाई. ह्यांचं काय म्हनायचं?" आत्याबाईंनी खाली बघितलं. मी पान्याचा तांब्या तितंच ठिवला आनि आत आले.

रात्री मामंजी म्हनालं, "राही, दिवाळी झाली की आपुन जोतीरामाचं करून घेऊ. गुरुजीस्नी इचारलंय. मानूस न्हाई गावलं तर दर्भाचं करत्यात."

मी म्हनलं, "आवं, त्ये आलं तर?"

आत्याबाई बोलल्या. जन्म दिलेल्या आत्याबाई, भावजी. म्हनल्या, "आला तर माझं भाग्य. पर मला आता वाट बघवंना. त्याला एकदा लावून दे, म्हंजे मला झोप लागंल."

तुमास्नी ठावं हाय, मी लिवायला शिकले ती मालकांसाठीच. दुसऱ्या कुनाच्या हातनं पत्र लिवून घ्यायची मला लाज वाटायची. आता लिवते ती तुमालाच. घरात हे कुनाला बोलता येत न्हाई, म्हनून तुमास्नी इचारते.

त्या आठव्या जागंवनं कोन बोललं?

तुमी एकदाच इचारलंत. परत इचारा. आनि मला खरं काय ते कळवा.

राही


सांगली,
२ सप्टेंबर १९७८

सौ. राहीवहिनींना सलाम.

तुमचं पत्र वाचून स्वतःवरच राग आला. काय लिहायचं आणि कुणाला, ह्याचा विचार करायला हवा होता. पण तुम्ही खरं कळवा म्हणालात, म्हणून कळवतो.

मी परत विचारलं. तेच उत्तर आलं, तसंच थांबून.

मग मशीन बंद करून कपाट उघडलं आणि आठव्या जागेत हात घातला. पाटी अडकवायची खाच आहे, तिच्यात धूळ. एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, तेही जुनं. पाटी नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि बोटांनी चाचपलं. दार लावलं, मशीन चालू केलं, आठ विचारलं. आठ, व्हर्जन दोन. वाटलं, शेजारच्या सातवीचा आवाज ह्या जागेत झिरपत असेल, जवळून जाणाऱ्या तारांत असं होतं. म्हणून सातवी पाटी काढून ठेवली. आता सात विचारलं तर काहीच उमटलं नाही, जसं व्हायला पाहिजे तसंच. आठ विचारलं तर उमटलं.

खरं सांगायचं तर, वहिनी, तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली. भर दुपारची वेळ, बाहेर बैलगाड्यांचा आवाज चालू, आणि मला हरिपूरच्या पेवात उतरल्यासारखं गार वाटलं. हळद साठवायची ती जमिनीतली विहिरीसारखी खोल पेवं तुम्ही पाहिली नसतील. उतरणारा माणूस आधी कंदील सोडतो. कंदील विझला तर उतरत नाही.

आमच्या ऑफिसात रंगूबाई म्हणून कार्डांना भोकं पाडायचं काम करतात. त्या दारातून बघत होत्या. मी काही सांगितलेलं नव्हतं. तरी म्हणाल्या, "साहेब, दुपारच्याला मी हितं एकटी बसत न्हाई. कुनीतरी काम करत असल्यागत वाटतं." मी म्हटलं, "मशीन काम करतंच की." त्या म्हणाल्या, "मशीन बंद असताना न्हवं. तुमी जेवायला जाता तवा. ते एकलं बसून काम करतंय, असं वाटत न्हाई. दोघं असल्यागत वाटतंय."

आता नीट ऐका. ह्याला कारण असणारच. विजेच्या कामात कारणाशिवाय काही होत नाही. मी पुण्याच्या देवस्थळी साहेबांना फोन लावतोय. ते ह्या मशिनांचे मोठे इंजिनियर आहेत, ते सांगतील. तोवर ह्यातून कसलाही अर्थ काढू नका, ही तुम्हाला हात जोडून विनंती.

याकूब


औंध,
१४ सप्टेंबर १९७८

याकूबभावजी,

तुमी अर्थ काढू नका म्हनालात. मी काडला न्हाई. तो आपला आपुन आला.

काल मामंजी दर्भ, गुरुजी, कराडचा संगम असं सयाजीभावजींशी बोलत बसलं व्हतं. मी मधी गेले आनि म्हनलं, "मालक जित्तं हाईत. मी कुंकू पुसनार न्हाई. कुनाला काय करायचं ते करा." असं मी ह्या घरात कवाच बोलले न्हाई. मामंजींनी पागोटं उचललं आनि भाईर गेलं. सयाजीभावजी एवढंच म्हनालं, "वहिनी, माझं लगीन मोडलं तरी चालंल, पर तुमी अशा डोळ्यांनी बघू नका."

कसलं डोळं? मला तर सात वर्षांत पैल्यांदा बरं वाटतंय.

आनि आनखी एक. हसू नका. मी बी हजेरी घेतली.

आमच्या खालच्या रानात जुनी इहीर हाय, पानी तळाला गेलेली. वाकून हाक मारली की परत हाक येती, ल्हान पोरं खेळत्यात. त्या दिशी तितं कुनी न्हवतं. मी वाकून आत्याबाईंचं नाव घेतलं, मामंजींचं घेतलं, सयाजीभावजींचं घेतलं. माझं बी घेतलं. समदी नावं लगीच परत आली. मग मी मालकांचं नाव घेतलं. बायकूनं घेऊ नये, तरी घेतलं. मोठ्यानं.

काय न्हाई.

मी उटले. मनात म्हनलं, येडी झालीस. चार पावलं गेले आनि मागनं इहिरीतनं आलं. नाव न्हाई आलं भावजी. "ओ" आलं.

तुमच्या मशिनीवानीच. जरा उशिरानं.

आता माझं एक काम करा. तुमची मशीन बोलती तर तिला इचारा, आठव्या, तू कुटं हाईस?

राही


(पोस्टकार्ड)
सांगली, १८ सप्टेंबर

वहिनी, पत्र मिळालं. विहिरीकडे एकट्या जाऊ नका. घरात कुणाला दुखवू नका. देवस्थळी साहेब परगावी आहेत, परवा बोलणं होईल. मी लगेच लिहितो. — याकूब


सांगली,
२३ सप्टेंबर १९७८

सौ. राहीवहिनींना याकूबचा सलाम.

काल देवस्थळी साहेबांशी बोललो. कारण सापडलं. शांतपणे वाचा.

मी इथे येण्याआधी ह्या मशिनात आठवी पाटी होती. बेरजा पुन्हा एकदा पडताळायचं काम ती करायची. पंचाहत्तर साली त्या जागेत आग लागल्यासारखं झालं, धूर निघाला. तेव्हाच्या मेकॅनिकनं आठवी जागा रिकामी केली आणि पुण्याला 'जळाली' म्हणून कळवून टाकलं. तेव्हापासून तिचं काम सातवी करते. त्या जळालेल्या पाटीचं व्हर्जन कुठलं होतं, तर दोन.

म्हणजे मशीन जे सांगतंय तो जुना नंबर आहे. साहेब म्हणाले, "शिकलगार, मशिनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात तो नंबर राहून गेला असेल. जागेला विचारलं की ते आठवून सांगतं. तिथे कुणी नाहीये." नवीन पाट्या घेऊन ते डिसेंबरात स्वतः येणार आहेत, तेव्हा हेही पुसून टाकतील.

वहिनी, तुम्ही सांगितलेलं मी केलं. मशिनाला असले प्रश्न कळत नाहीत हे माहीत असून टाइप केलं, आठ कुठे. ते थांबलं आणि परत तेच म्हणालं. आठ, व्हर्जन दोन. दुसरं काही त्याच्याजवळ नाहीच. गेलेल्याचा आवाज मागे राहतो, त्याला आपण विचारत बसतो आणि तो एकच गोष्ट सांगत राहतो.

जोतीराम माझा भाऊ होता. त्याच्याबद्दल "होता" लिहायला आज पहिल्यांदा हात धजला. तानुकाकींना झोप लागू दे. सयाजीचं घर उभं राहू दे. तुम्हीही आता त्या जागेला विचारू नका.

रागावलात तरी पत्र लिहा.

याकूब


औंध,
२४ नोव्हेंबर १९७८

याकूबभावजी,

लय दिवसांनी लिवते. रागावले न्हवते. लिवन्यासारकं काय न्हवतं.

तुमचं पत्र मी देवीच्या डोंगराव बसून वाचलं. यमाईच्या देवळात गर्दी न्हवती. दोनदा वाचलं, खाली आले, मामंजींपुडं उबी ऱ्हायले आनि म्हनलं, "तुमी म्हनता तसं करा." मामंजी रडलं. मी त्यास्नी कवा रडताना बघितलं न्हवतं.

दिवाळी झाल्याव कराडला गेलो. संगमाव. गुरुजींनी दर्भाचं मानूस केलं. उंची इचारली. आत्याबाईंनी हात वर करून दावली, तर गुरुजी म्हनालं एवढं लांब न्हाई लागत. आत्याबाई म्हनल्या, "त्याचं पाय भाईर ऱ्हात्यात." मग तेवढंच केलं. मी लग्नातला कोट दिला व्हता, तो वरनं घातला.

मग उचलायचं झालं. चौघांनी धरलं. सयाजीभावजी पुडं व्हतं. गवताचं मानूस, पोरानं बी एका हातानं उचलावं असं. सयाजीभावजींनी मागं वळून बघितलं. म्हनालं, "वहिनी, जड लागतंय."

चौघांच्या बी मानंच्या शिरा वर आल्यावत्या. मी बघितलं.

पान्याच्या कडंला आत्याबाईंनी माझ्या बांगड्या उतरवल्या. फोडल्या न्हाईत, साबन लावून एक एक काडल्या. कपाळ त्यांनीच पुसलं, पदरानं. 

आता सयाजीभावजींचं लगीन माघात धरलंय. आत्याबाई झोपत्यात. पैल्या रात्री तर एवढ्या गाढ झोपल्या, मी नाकाजवळ हात धरून बघितला.

तुमी मला थांबवलंत ते बरं केलंत. न्हाईतर मी त्या इहिरीत कवातरी उतरले असते.

राही


सांगली,
१९ डिसेंबर १९७८

राहीवहिनी,

पाकिटावर तुमच्या नावाआधी काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. हे पत्र पाठवावं की नाही तेही ठरत नव्हतं. रशीदा म्हणाली, "पाठवा. ज्याचं त्याला कळू दे. तुम्ही कोण अडवणारे?"

देवस्थळी साहेब गेल्या मंगळवारी नव्या पाट्या घेऊन आले. सकाळी दोघांनी मशीन उघडलं. सात जुन्या पाट्या काढल्या, सात नव्या बसवल्या. आठवी जागा त्यांनी बॅटरी मारून पाहिली. खाच काळी पडलेली, जळालेलीच. ते म्हणाले, "बघा, काही नाही." मी म्हटलं, "साहेब, एकदा विचारून बघू या." मी आठ टाइप केलं. नव्या सातांत पूर्वीची काहीच आठवण नव्हती, वहिनी. त्यांना कंपनीतून येऊन तासही झाला नव्हता. मशीन थांबलं. उमटलं. आठ, व्हर्जन दोन.

साहेबांचा चेहरा पडला. मग ते म्हणाले, "कपाट भिंतीपासून ओढा."

ते कपाट कुणी कधी ओढलं नव्हतं. चौघं लागलो. मागच्या अंगाला, अगदी जमिनीलगत, एक पत्र्याचं खोकं ठोकलेलं होतं. आठव्या जागेच्या मागून तारांचा एक जुडगा निघून भिंतीच्या कडेनं खाली त्या खोक्यात गेला होता. साहेबांनी झाकण काढलं. आत पाटी होती.

जळाली होती ती जागा. पाटी नव्हती जळाली. त्या वेळच्या मेकॅनिकनं पाटी उचलून मागे ठेवली, लांब तारांनी जोडून दिली आणि कुणाला सांगायचं राहिलं. लांबची वाट आणि जुनी पाटी, म्हणून उत्तराला उशीर लागत होता. ती मेली नव्हतीच. इतकी वर्षं त्या अंधारात, भिंतीला तोंड करून, ती रोज बेरजा पडताळत होती. सातवी करते असं आम्ही समजत होतो ते काम हीच करत होती. कुणीही विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. ती सांगतच होती.

मी तिला बाहेर काढलं तेव्हा हाताला गरम लागली. तापलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

तिच्या जागी नवी बसवली. मशीन आता आठही वेळा व्हर्जन पाच म्हणतं, न थांबता. साहेब खूश होऊन गेले. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिथे कुणी नाही, असं मी तुम्हाला लिहिलं होतं. मला तसंच सांगण्यात आलं होतं आणि मी ते खरं मानलं. ह्याचा जोतीरामशी काही संबंध नाही हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावतो. मशीन वेगळं, माणूस वेगळा. पण तुम्ही माझ्या शब्दावर कपाळ पुसलंत. तेव्हा माझा शब्द चुकला होता हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

याकूब


औंध,
११ फेब्रुवारी १९७९

याकूबभावजींना आनि रशीदावहिनींना राहीचा नमस्कार.

तुमचं पत्र येऊन लय दिस झालं. लग्नाच्या गडबडीत लिवायला झालं न्हाई, असं म्हनते, पर खरं तसं न्हाई. काय लिवावं ते कळत न्हवतं.

सयाजीभावजींचं लगीन झालं. पोरगी गुनाची हाय. तुमी आला असता तर बरं झालं असतं. 

तुमचं पत्र मी कुनाला दावलं न्हाई. वाचलं आनि पेटीत ठिवलं. तुमचा राग न्हाई, भावजी. तुमी जे बघितलं ते सांगटलं, दोन्ही बारीला. पर तुमचं पत्र यायच्या आधीपासनं हितं जे चाललंय ते मी तुमास्नी कळवलं न्हवतं. आता कळवते.

संगमावनं आल्याव आठवड्याभरानं आत्याबाईंनी सकाळच्या भाकरी झाल्या की एक ताट जादा वाढायला सुरवात केली. मधल्या घरात, मालक बसायचं तितं, खुंटीच्या खाली. मी काय इचारलं न्हाई. सात वर्षांत त्यांनी असं कवा केलं न्हवतं. आता लावून दिल्याव करायला लागल्या. म्हातारं मानूस, करू दे म्हनलं. मामंजी बघत्यात आनि भाईर जात्यात.

मग आमी समदी रानात जातो. आता शाळू काढायला आलाय, घरात कुनी ऱ्हात न्हाई. धाकटी जाऊ माहेरी गेलीया. कुलूप मी लावते. किल्ली माझ्या कमरंला.

दुपारी आलो की ताट रिकामं असतंय.

पैल्यांदा मला वाटलं मांजर. पर ताट नुसतं रिकामं न्हवतं. राखंनं घासलेलं व्हतं. न्हानीपाशी, भिंतीला टेकून पालथं घातलेलं. आमच्या घरात बायका ताटं उबी लावत्यात, फळीव. पालथं घालायची रीत एकाचीच. सुट्टीव आलं की मालक आपलं ताट आपुनच घासायचं आनि तितंच पालथं घालून ठिवायचं. पलटनीत तशी सवय लागलेली. आत्याबाई लाजायच्या, "आरं, सून हाय घरात, लोक काय म्हनतील." ते हसायचं.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या सकाळधरनं माझ्या संगती रानात व्हत्या. त्यांनी मला इचारलं न्हाई, मी त्यास्नी इचारलं न्हाई. त्यांनी ताट उचललं, फडक्यानं पुसलं आनि फळीव ठिवलं. दुसऱ्या दिवशी परत वाढलं.

रोज असंच हाय. लग्नाच्या दिसात पावनं व्हतं तवा ताट तसंच पडून ऱ्हायलं, वरनं भाकरी वाळली. पावनं गेलं आनि परत सुरू झालं.

परवा आत्याबाईंनी कुंकवाची डबी आनली आनि माझ्या पुड्यात ठिवली. मी लावलं. आता घरात असते तवर लावते. उंबऱ्याभाईर पडताना पुसते. गावाला दिसतं ते गावासाटी हाय.

तुमी तपासनारं मानूस, तुमच्या मनात येईल की एक दिस लपून बसावं आनि बघावं. सयाजीभावजींच्या बी मनात आलंवतं. मी त्यास्नी सांगटलं, "खबरदार. तुमी बघितलं आनि कुनी न्हाई दिसलं, तर मी काय करू? आनि कुनी दिसलं, तर तुमी काय कराल?" तुमास्नी बी तेच सांगते. तुमी ती पाटी भाईर काडलीत. गरम व्हती म्हनालात. मग गार झाली असंल.

या एकदा, रशीदावहिनींना घिऊन या. यमाईचं दर्शन न्हाई तर न्हाई, डोंगर बघाल. पर सांजच्याला या. दुपारचं आमचं घर बंद असतंय.

मी बी दुपारी रानातनं येते तवा कुलूप काडायच्या आधी कडी वाजवते, आत मानूस असल्यागत. आनि जरा थांबते.

तुमची,
राही